स्टुडिओतील प्रेक्षक

मराठीत 'प्रेक्षक' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या माणसांसाठी वापरतो. घरी बसून दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम पाहणारा तो प्रेक्षक आणि त्या कार्यक्रमाचे चित्रीकरण चालू असताना स्टुडिओत समोर बसलेला, तोही प्रेक्षकच. उर्दूत मात्र तुम्ही या दोघांना वेगळे ओळखता. घरी पाहणारे ते नाजिरीन आणि समक्ष बसलेले ते हाजिरीन. (रेडिओ ऐकणारे सामईन, पण त्यांच्याकडे आज आपल्याला वळायचे नाही.) नाजिरीन होण्यासाठी फक्त बटण दाबावे लागते. हाजिरीन व्हायचे, तर बरेच काही करावे लागते. काय करावे लागते आणि का, ते या पाठात पाहू.

प्रत्येक कार्यक्रमाला समोर माणसे लागतातच असे नाही. बातम्या देणाऱ्या निवेदकासमोर श्रोते नसतात. मालिकांचे चित्रीकरणही प्रेक्षकांशिवाय होते. पण प्रश्नमंजूषा, गाण्याच्या स्पर्धा, विनोदी कार्यक्रम यांना भरलेले सभागृह हवे असते. मुशायऱ्याचा विचार करा. शायराने शेर वाचला आणि समोरून 'वाह!' आले नाही, तर शेर कितीही चांगला असो, मैफल जमत नाही. दाद देणारा माणूस हाही मुशायऱ्याचा एक भाग असतो. स्टुडिओतही तसेच आहे. फरक इतकाच, की मुशायऱ्यात 'मुकर्रर' म्हणण्याचा हक्क श्रोत्यांचा असतो, तर स्टुडिओत तो दिग्दर्शकाचा असतो. श्रोत्यांना शेर आवडला, म्हणून ते तो पुन्हा वाचायला सांगतात. दिग्दर्शकाला दृश्य आवडले नाही, म्हणून तो ते पुन्हा करायला लावतो.

डिसेंबर २०१८ मध्ये आमच्या शाळेच्या सोळा मुलींना घेऊन मी भिवंडीहून एका आंतरशालेय प्रश्नमंजूषेच्या चित्रीकरणाला गेले होते. आमचा संघ स्पर्धेत नव्हता. आम्हाला केवळ प्रेक्षक म्हणून बोलावले होते. चित्रीकरण मुंबईतील गोरेगावच्या चित्रनगरीत होते. ही चित्रनगरी महाराष्ट्र शासनाने १९७७ साली उभारली. पुढे तिला दादासाहेब फाळके यांचे नाव देण्यात आले. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट पडद्यावर आणणारे ते हेच फाळके. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून, झाडीत ही वसाहत आहे. आतील स्टुडिओ बाहेरून मोठ्या गोदामासारखे दिसतात. झगमगाट पाहायला आलेल्या आमच्या मुलींना वाटले, गाडी चुकीच्या फाटकातून आत आली!

जाण्याच्या आठ दिवस आधी शाळेत सूचनांचा एक कागद आला होता. त्यातील पहिलीच सूचना वाचून आमची अडचण झाली. पांढरे कपडे घालू नयेत, असे त्यात लिहिले होते आणि आमच्या शाळेच्या गणवेशात सलवार पांढरी, दुपट्टाही पांढरा. असा नियम का असतो? आपला डोळा उजेड आणि सावली एकदम सांभाळतो. कॅमेऱ्याला ते तितकेसे जमत नाही. प्रखर दिव्यांत पांढरे कापड फार चमकते. त्या चमकेप्रमाणे कॅमेरा लावला, तर चेहरे काळवंडलेले दिसतात. चेहऱ्याप्रमाणे लावला, तर कापडाचा नुसता पांढरा डाग दिसतो. बारीक रेघांचे किंवा बारीक चौकडीचे कापडही नको असते. पडद्यावरील चित्र अगदी लहान ठिपक्यांच्या ओळींनी बनलेले असते. कापडाच्या रेघा त्या ओळींइतक्या बारीक झाल्या, की दोन्हींचा गोंधळ होतो आणि कापडावर लाटा हलताना दिसतात. काही ठिकाणी हिरवा रंगही वर्ज्य असतो. हवामानाची बातमी सांगणाऱ्याच्या मागे नकाशा दिसतो ना? प्रत्यक्षात त्याच्या मागे बहुधा कोरा हिरवा पडदा असतो. हिरवे जेवढे दिसेल, तेवढे काढून तेथे नकाशा बसवण्याचे काम यंत्र करते. अशा ठिकाणी हिरवी ओढणी घेऊन उभे राहिलात, तर तुमच्या खांद्यावरही नकाशा दिसू लागेल.

अखेर मुख्याध्यापिकांनी एका दिवसापुरती गणवेशाची सूट दिली. निळे, तपकिरी, जांभळे दुपट्टे घेऊन मुली आल्या. त्या दिवशी बसमध्ये जेवढा आनंद होता, तेवढा मी परीक्षेच्या निकालाच्या दिवशीही पाहिलेला नाही.

कागदावर आणखी दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे संमतिपत्र. तुमचे चित्र प्रक्षेपित करण्यास हरकत नाही, असे त्यात लिहून द्यावे लागते आणि मुले लहान असल्यास पालकांची सही लागते. आम्ही ते सगळ्यांकडून भरून घेतले. नीट वाचले मात्र कोणीच नाही, मीसुद्धा नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे. दुसरी सूचना होती ती शाल किंवा स्वेटर आणण्याची. डिसेंबरात मुंबईत स्वेटर कशाला, असे आम्हाला वाटले. पण स्टुडिओतील दिवे आणि यंत्रे तापतात, म्हणून आत वातानुकूलन सतत चालू असते. तासाभरात मुलींचे हात गार पडले. ज्यांनी सूचना मानली होती, त्यांच्या शाली मग तिघी-तिघींत वाटल्या गेल्या.

प्रवेशद्वाराशी ओळखपत्रे पाहिली, पिशव्या आणि मोबाइल जमा करून घेतले. मग वाट पाहणे. आम्हाला अकरा वाजता बोलावले होते. आत सोडले ते दीड वाजता. हे काही नवल नाही. दिवे लावणे, आवाज तपासणे, स्पर्धकांची रंगभूषा यांत वेळ जातोच आणि आधीच्या भागाचे चित्रीकरण लांबले, की पुढचे सारे लांबते. म्हणून जाताना भरपेट खाऊन जावे, पाणी जवळ ठेवावे आणि आत शिरण्यापूर्वी प्रसाधनगृहात जाऊन यावे. चित्रीकरण सुरू झाल्यावर मधेच उठता येत नाही. जोहरच्या नमाजचे मी तेथील एका माणसाला आधीच विचारून ठेवले होते. त्याने बाजूची एक मोकळी खोली दाखवली. न विचारता आत जाऊन बसलो असतो, तर वेळ निघून गेली असती.

आत गेल्यावर आपल्या मैत्रिणीशेजारी बसायला मिळेलच असे नाही. कोणी कोठे बसायचे, ते फ्लोअर मॅनेजर ठरवतो. हा माणूस म्हणजे स्टुडिओचा वर्गनायक समजा. त्याच्या कानाला यंत्र लावलेले असते. दिग्दर्शक बाहेर नियंत्रण कक्षात बसून सर्व कॅमेऱ्यांची चित्रे एकाच वेळी पाहत असतो आणि त्याचे हुकूम या यंत्रातून फ्लोअर मॅनेजरपर्यंत येतात. कॅमेऱ्याला जी जागा दिसते, तेथे एकही खुर्ची रिकामी चालत नाही. म्हणून आमच्या सोळा मुलींचे चार तुकडे झाले. एकदा बसल्यावर जागा बदलायची नाही, हेही त्याने बजावले. चित्रीकरण तुकड्यातुकड्यांनी होते आणि हे तुकडे नंतर जोडतात. पहिल्या तुकड्यात निळा दुपट्टा डावीकडे आणि दुसऱ्यात तोच उजवीकडे दिसला, तर घरी पाहणाऱ्याच्या लगेच ध्यानात येते.

त्या सभागृहातील शांतता मला अजून आठवते. भिंतींना आवाज शोषून घेणारे जाड अस्तर होते. आमच्या मुली यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या. एवढी शांतता त्यांनी कधी ऐकली नव्हती. (शांतता ऐकायची असते का, असे तुम्ही विचाराल. तेथे ती ऐकू आली.)

चित्रीकरणापूर्वी एक हसतमुख गृहस्थ समोर आले. प्रेक्षकांना खुलवणे एवढेच त्यांचे काम होते. कोण कोठून आले, हे ते विचारू लागले. भिवंडीचे नाव ऐकताच म्हणाले, "तुमच्याकडे यंत्रमाग बंद पडले की माणसे दचकून जागी होतात म्हणे! खरे का?" नववीतील एक मुलगी तोंडावर हात ठेवून इतकी हसली, की तिला आवरेना. तिच्या घराला लागूनच यंत्रमागाचा कारखाना आहे आणि वीज गेली, की तिचा धाकटा भाऊ खरोखरच झोपेतून उठून रडू लागतो. त्या वेळी एक कॅमेरा आमच्याकडे वळलेला होता. आम्हाला वाटले, तो तपासत असतील.

त्यानंतर टाळ्यांची तालीम झाली. साधी टाळी, जोरदार टाळी, उभे राहून टाळी. समोर काहीही घडत नसताना आम्ही टाळ्या वाजवत होतो आणि कॅमेरे ते टिपत होते. मग फ्लोअर मॅनेजरने पाच बोटे वर केली आणि एकेक बोट मिटत नेले. शेवटची दोन बोटे मिटताना तो तोंडाने काहीच बोलला नाही. एका कॅमेऱ्यावर लहानसा लाल दिवा लागला. ज्या कॅमेऱ्यावर हा दिवा असतो, त्याचे चित्र त्या क्षणी निवडलेले असते. म्हणून नवखे प्रेक्षक त्या दिव्याकडेच टक लावून पाहतात आणि तेच नको असते. आपण मंचाकडे पाहायचे असते.

अर्ध्या तासाच्या त्या भागाला साडेतीन तास लागले. एकदा सूत्रसंचालकाची जीभ अडखळली, एकदा गुणफलक बंद पडला, एकदा प्रेक्षकांत कोणी तरी शिंकले. शिंक आणि खोकला यांची एवढी भीती का, असे मुलींनी परतताना विचारले. मी त्यांना इंग्लंडमधील एक प्रकरण सांगितले. तेथे 'हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर?' हा कार्यक्रम १९९८ साली सुरू झाला. सप्टेंबर २००१ मध्ये चार्ल्स इंग्रॅम नावाचा लष्करी मेजर त्यात दहा लक्ष पौंड जिंकला. पुढे ध्वनिमुद्रण बारकाईने ऐकले गेले. मेजर पर्याय वाचत असताना बरोबर उत्तराच्या वेळी कोणी तरी खोकते, असा संशय आला. खोकणारा होता मागे बसलेला दुसरा एक स्पर्धक. पैसे दिले गेले नाहीत. खटला चालला आणि एप्रिल २००३ मध्ये मेजर, त्याची पत्नी आणि तो स्पर्धक अशा तिघांनाही न्यायालयाने दोषी ठरवले. मेजरने मात्र आरोप कधीच मान्य केला नाही. स्टुडिओत एक खोकला केवढा मोठा होऊ शकतो, ते यावरून पाहा.

याच कार्यक्रमाचे आपल्याकडील रूप म्हणजे 'कौन बनेगा करोडपती'. तो ३ जुलै २००० रोजी सुरू झाला आणि त्याच वर्षी मुंबईचे हर्षवर्धन नवाथे त्यात एक कोटी रुपये जिंकणारे पहिले स्पर्धक ठरले. या कार्यक्रमात प्रेक्षकांना केवळ टाळ्यांचे काम नव्हते. स्पर्धक अडला, की त्याला प्रेक्षकांचे मत घेता येई. प्रत्येक जण हातातील यंत्रावर चारपैकी एक बटण दाबी आणि कोणत्या पर्यायाला शेकडा किती मते पडली, ते पडद्यावर दिसे. म्हणजे एका अनोळखी माणसाचे लाखो रुपये तुमच्या बोटावर!

उत्तर येत नसेल, तर अशा वेळी काय करावे? अंदाजाने बटण दाबले तर त्या माणसाचे नुकसान होईल, असे कोणालाही वाटेल. थोडा हिशेब करू. समजा, शंभर प्रेक्षक आहेत. त्यांपैकी फक्त वीस जणांना उत्तर माहीत आहे. उरलेले ऐंशी जण डोळे मिटून बटण दाबतात. त्यांची मते चार पर्यायांत साधारण सारखी, म्हणजे वीस-वीस अशी वाटली जातील. बरोबर उत्तराला जाणकारांची वीस आणि अंदाजाची वीस अशी चाळीस मते मिळतील. बाकी तिघांना वीस-वीस. उत्तर स्पष्ट दिसते. अज्ञान असे चहूकडे विखुरते, म्हणून ते फारसे घातक ठरत नाही. घातक ठरतो तो सगळ्यांचा मिळून एकच चुकीचा समज. ऑस्ट्रेलियाची राजधानी कोणती, असा प्रश्न आला आणि साठ जणांनी खात्रीने 'सिडनी' दाबले, तर कॅनबेरा जाणणारे वीस जण काय करणार? २०२० साली करोनाच्या साथीमुळे स्टुडिओत प्रेक्षक बसवता येत नव्हते, तेव्हा ही सोयच काढून टाकावी लागली होती.

हाजिरीन नसले तर नाजिरीनला चुकल्यासारखे होते, हे अमेरिकेत फार पूर्वीच ओळखले गेले होते. १९५१ साली तेथे 'आय लव्ह लूसी' ही विनोदी मालिका सुरू झाली. तिचे चित्रण प्रेक्षकांसमोर, एकदम तीन कॅमेऱ्यांनी करत. पण सगळ्यांनाच हे परवडत नसे. त्याच दशकात चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने एक पेटी बनवली. तिच्यात नाना प्रकारची हसणी ध्वनिमुद्रित केलेली होती. कळ दाबली, की खुसखुस. दुसरी दाबली, की हास्याचा गडगडाट. एकदा कधी तरी हसलेली माणसे मग न पाहिलेल्या विनोदांनाही वर्षानुवर्षे हसत राहिली.

आता आमच्या मुलीकडे वळू. तीन आठवड्यांनी तो भाग प्रक्षेपित झाला. आम्ही सर्व जणी आपापल्या घरी तो पाहत होतो. एका शाळेच्या स्पर्धक मुलीने महत्त्वाच्या प्रश्नाचे उत्तर चुकवले. तिचा चेहरा उतरला आणि पुढच्याच क्षणी पडद्यावर आली आमची नववीतली मुलगी, तोंडावर हात ठेवून हसताना.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली, पण वर्गात गेली नाही. शिक्षकखोलीच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "टीचर, मी तेव्हा हसले नव्हते." मला ते माहीत होते. मी तिच्या मागच्याच रांगेत होते. उत्तर चुकले, तेव्हा तिच्या तोंडून 'अरेरे' निघाले होते, कारण तिच्याही मनात तेच उत्तर होते.

असे का झाले असेल? संकलन करणारा माणूस तीन-साडेतीन तासांतून पंचवीस-तीस मिनिटे निवडतो. मधला भाग कापून दोन टोके जोडली, की मंचावरील माणसाची मान एकदम झटका बसल्यासारखी हलते. हा सांधा दिसू नये, म्हणून मधे दोन सेकंद प्रेक्षकांचे चित्र टाकतात. शिंपी दोन तुकड्यांच्या जोडावर पट्टी लावतो, तसेच हे. टाळ्या आणि हसणे आधी टिपून ठेवतात, ते याच कामासाठी. पट्टी लावणाऱ्याच्या मनात दुष्टावा असतो, असे मी म्हणणार नाही. त्याच्यापुढे शेकडो चेहरे असतात आणि वेळ थोडा असतो. परंतु कापडाला पट्टी लावणे वेगळे आणि एखाद्याच्या दुःखावर दुसऱ्याचे हसू लावणे वेगळे.

मी त्या वाहिनीला पत्र लिहिले. उत्तर आले नाही. मग ते संमतिपत्र काढून प्रथमच नीट वाचले. चित्राचा उपयोग 'कोठेही आणि कशाही प्रकारे' करण्यास आम्ही संमती दिली होती. सोळा पालकांच्या सह्या मीच गोळा केल्या होत्या. तेव्हापासून मुलींच्या सहीपूर्वी मी कागद मोठ्याने वाचून दाखवते आणि त्या कंटाळतात.

त्या मुलीचे म्हणणे होते, की आपण स्पर्धक मुलीला लिहावे. तिच्या शाळेचे नाव कार्यक्रमातच आले होते. मुख्याध्यापिकांच्या परवानगीने तिने मराठीत पत्र लिहिले. पहिला मसुदा दोन पानांचा होता. मी फक्त शुद्धलेखन तपासले. मजकुराला हात लावला नाही. दुसऱ्या मसुद्यात एक पान उरले. तिने त्यात एवढेच सांगितले, की ते हसू आधीचे होते आणि तुझे उत्तर मलाही बरोबर वाटले होते.

पंधरा दिवसांनी उत्तर आले. "घरी पाहताना मला वाईट वाटले होते," असे त्या मुलीने लिहिले होते. "पण स्टुडिओत मला तुम्ही कोणीच दिसत नव्हता. डोळ्यांवर दिवे होते आणि त्यांच्या मागे सगळा काळोख. फक्त टाळ्या ऐकू येत होत्या." पत्राच्या शेवटी तिने एक प्रश्न विचारला होता. स्पर्धकांना त्या वेळी रंगभूषेच्या खोलीत बसवले होते, त्यामुळे सुरुवातीचा विनोद तिने ऐकलाच नव्हता. तो कोणता?

आमच्या मुलीने तिला यंत्रमागांचे आणि वीज गेली की जाग्या होणाऱ्या आपल्या भावाचे सविस्तर लिहून पाठवले.